चार पट्ट्यांची चौकट

शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात एकाच खोलीला दोन नावं होती. पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत ती न्हाणी आणि रात्री दहानंतर ती 'डार्करूम'. मधल्या वेळात तिला कुणी नावानं ओळखत नसे. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, दुसऱ्या कोपऱ्यात दगडी हौद आणि हौदावर आडवी टाकलेली सागवानी फळी. त्या फळीवर माझा एन्लार्जर उभा राही. रात्री जेवणं आटोपली, भांडी विसळून झाली, की मी खिडकीला काळं घोंगडं लावायचो, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबायचो आणि तांबडा दिवा लावून आत बसायचो. कुणाला हातपाय धुवायचे असले तर बाहेरून ओरडून विचारावं लागे. वडील म्हणत, "लोकांच्या घरी पोरगा असतो, आमच्या घरी घुबड आहे."

ही गोष्ट १९७८ पासूनची. त्या वर्षी मी मराठी शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो आणि पहिल्या सात-आठ पगारांतून थोडे थोडे बाजूला काढून, बंद पडत चाललेल्या एका स्टुडिओतून जुना एन्लार्जर घरी आणला. घरात तो कुणालाच पसंत पडला नाही. अपवाद फक्त आत्याचा.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तिचं कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. आम्हा भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. बाजारात भाजीवालीशी कानडीत घासाघीस करावी आणि घरी येऊन आईला त्याच भावाचा हिशेब मराठीत द्यावा, हे तिचं रोजचं काम. आपण दोन भाषा बोलतो, हे तिच्या कधी ध्यानातही आलं नसेल. नळाला पाणी आलं की आधी माझ्या दोन बादल्या भरून ती बाजूला ठेवी आणि मी शाळेतून आलो की सांगे, "तुझ्या फोटोंच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलंय रे."

आजच्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. एन्लार्जर म्हणजे उलटा टांगलेला सिनेमाचा प्रोजेक्टरच. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली लेन्स. निगेटिव्हमधलं चित्र लेन्समधून मोठं होऊन खाली पडतं. जिथं पडतं तिथं ब्रोमाइडचा कागद ठेवायचा, ठरावीक सेकंद उजेड द्यायचा आणि तो कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायचा. हा कागद जिच्यात धरून ठेवतात ती चौकट म्हणजे ईझल. काही जुनी माणसं तिला मास्किंग फ्रेम म्हणत. कागद सपाट ठेवणं, हलू न देणं आणि फोटोच्या भोवतीची पांढरी कड नेमकी सोडणं, ही तिची तीन कामं. लेन्सबद्दल माणसं तासन्‌तास बोलत, कॅमेऱ्यांवरून वाद घालत. ईझलबद्दल मात्र कुणी बोलत नसे. ताटाखालच्या पाटाबद्दल कोण बोलतं? पाट डुगडुगला आणि आमटी सांडली म्हणजेच तो आठवतो.

माझ्याकडे सुरुवातीला ईझल नव्हतीच. फळीवर कागद ठेवायचा आणि वर खिडकीची काच दाबायची. आमच्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद मिळे. पातळ कागद घेतला की उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याचे कोपरे पापडासारखे वर येत. कोपरा उचलला की तिथलं चित्र धूसर. काचेनं कागद सपाट व्हायचा, पण काचेला दोन अंगं असतात आणि दोन्ही अंगांवर धूळ बसते. धुळीचा प्रत्येक कण फोटोवर पांढरा ठिपका होऊन उतरायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो छापले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "त्या दिवशी थंडी होती खरी, पण बेळगावात बर्फ पडल्याचं काही आठवत नाही."

मग मला मास्तर भेटले. त्यांना सगळं गाव मास्तरच म्हणे, जरी ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यांचा छोटा स्टुडिओ होता. मातृभाषा कानडी, गिऱ्हाइकं निम्मी मराठी. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. ईझलला ते 'चौकट्टु' म्हणायचे. मी म्हणालो, "मास्तर, आम्ही चौकट म्हणतो." ते हसले. "मग भांडण कशाला तम्मा? शेवटचा एक 'टु' तेवढा जास्त आमचा."

मास्तरांकडे ठरावीक मापाच्या तीन ईझल होत्या. एक हाफ प्लेटची, एक फुल प्लेटची आणि एक ८ × १० इंचांची. अशा ईझलमध्ये काही जुळवायचं नसतं. पत्र्याच्या चपट्या पाकिटासारखी ती असते. बाजूनं कागद सरकवला की झालं. चारी बाजूंनी पाव-पाव इंच कड आपोआप सुटते. ज्याला रात्रीत शंभर कॉप्या काढायच्या आहेत, त्याच्यासाठी ही ईझल सोन्यासारखी. विचार करायला वेळ लागत नाही, कारण विचार करायला जागाच नसते. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा सुचलं नव्हतं. पुढं सुचलं.

१९८३ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मांडवातले फोटो स्टुडिओवाल्यांनी काढले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे परतण्याआधी, माजघराच्या दारासमोर सगळ्यांना उभं करून एक ग्रुप मी माझ्या रशियन कॅमेऱ्यानं काढला. घाईचं काम होतं. कुणाला हुबळीची गाडी गाठायची होती, कुणाला कोल्हापूरची. त्या ग्रुपच्या बारा कॉप्या काढायच्या ठरल्या, सगळ्या ८ × १० मध्ये. वडिलांनी तशा मापाच्या फ्रेमाही सांगून ठेवल्या. मी मास्तरांची ८ × १० ची ईझल दोन रात्रींसाठी मागून आणली.

इथं गणिताचा एक तास घेतो, फार लांबवत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचं चित्र २४ × ३६ मिलिमीटरचं असतं, म्हणजे २:३ या प्रमाणात. ८ × १० चा कागद ४:५ या प्रमाणात. पाव इंच कड सोडली की कागदावर चित्राला साडेसात बाय साडेनऊ इंच जागा उरते. चोवीस मिलिमीटरचे साडेसात इंच करायचे तर चित्र जवळजवळ आठपट मोठं करावं लागतं. तसं केलं की लांबीकडून छत्तीसपैकी तीसच मिलिमीटर कागदावर मावतात. साडेपाच मिलिमीटरच्या आसपास चित्र बाहेर पडतं, ते ईझलच्या पत्र्यावर. पत्रा काळा असतो. त्यावर पडलेलं चित्र धड दिसतही नाही.

कुठले साडेपाच मिलिमीटर बाहेर टाकायचे, एवढाच काय तो निर्णय माझ्या हातात होता. डाव्या टोकाला थोरले काका उभे होते. त्यांचा खांदा जरी कापला गेला असता, तरी पुढची दहा वर्षं ते प्रत्येक कार्यात बोलून दाखवते. उजव्या टोकाला माजघराचं दार होतं आणि दाराशी अर्धवट अंधारात कुणीतरी उभं होतं. मी ईझल डावीकडे सरकवली. बारा कॉप्या दोन रात्रींत झाल्या. बंबाच्या दांडीला दोरी बांधून त्यावर चिमट्यांनी लावल्या.

सकाळी आत्या न्हाणीत आली ती फोटो बघतच उभी राहिली. चष्मा आणायला सांगितला. एक एक चेहरा बोटानं मोजला आणि म्हणाली, "छान आलाय की रे. सगळी आली." मग खाली वाकून तिनं बंब पेटवला.

पुढं मी दोन पट्ट्यांची ईझल घेतली. मुंबईला फोर्टात जुन्या सामानाच्या दुकानात ती मिळाली. हिच्यात डावी आणि वरची कड पक्की असते आणि उजवी व खालची पट्टी सरकवता येते. कुठल्याही मापाचा फोटो काढता येतो, म्हणून हौशी माणसाची पहिली ईझल बहुधा हीच असते. पण तिचे दोन दोष असतात आणि घेताना ते बघून घ्यावेत. पहिला असा, की तिच्या लांब हाताचं टोक मोकळं असतं. बिजागरी ढिली झाली की हात तिरपा होतो आणि फोटो पतंगासारखा एका अंगाला झुकतो. दुकानात घेताना हाताचं टोक धरून हलवून बघावं. सरकपट्टी जिथं थांबवली तिथंच थांबली तर घ्यावी, टक टक वाजली तर नमस्कार करून निघावं. दुसरा दोष असा, की चित्र नेहमी एका कोपऱ्याला चिकटून बसतं. कागदाच्या मधोमध आणावं म्हटलं तर येत नाही. मी म्हणायचो, काय बिघडतं? नको असलेला कागद कात्रीनं कापून टाकावा.

१९८७ साली आत्याच्या एका सरकारी कामासाठी फॉर्म भरायचा होता. फॉर्म कानडीत होता. मला कानडी बोलता येतं, पण सरकारी कानडीपुढं माझी जीभ अडखळते. म्हणून मास्तर रविवारी घरी येऊन माजघरात फॉर्म भरत बसले होते. शेवटी फोटो चिकटवायचा चौकोन आला. मास्तर म्हणाले, "अक्का, एखादा फोटो असेल की तुमचा." आत्या सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा कुठला फोटो? लग्नातल्या ग्रुपात उभी होते मी. पण ह्याच्या कागदात मावले नाही."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. पाऊस उशिरा आला म्हणावं, इतक्या साधेपणानं बोलली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि परत फॉर्मकडे बघितलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

चार वर्षं तो फोटो समोरच्या भिंतीवर होता. रोज संध्याकाळी त्याच्याखालच्या कोनाड्यात ती दिवा लावत होती. "सगळी आली" म्हणाली, तेव्हाच तिनं मोजलं होतं. माझ्या मनात तिला कापायचं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगेन. पण ठेवायचंही माझ्या मनात आलं नव्हतं. काकांचा विचार मी केला होता, कारण काका बोलले असते. जो बोलणार नाही, त्याच्या बाजूनं पट्टी सरकवणं फार सोपं असतं. आमच्या भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या रेघा नव्यानं ओढल्या गेल्या आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा मी पाळण्यात होतो. रेघ ओढणाऱ्याला कड दिसते, कडेवर उभं असलेलं माणूस दिसत नाही, असं घरात ऐकतच आम्ही मोठे झालो. आणि मी माझ्याच घरात तेच केलं होतं, तेही पाव इंचाच्या कडेसाठी.

फॉर्मचा फोटो दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच काढून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. मी रात्री निगेटिव्हचा डबा काढला. ती पट्टी दिव्यापुढं धरून भिंगातून बघितली. त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत जेवढं दिसे त्याहून जास्त फिल्मवर उतरायचं, म्हणून फोटो काढताना कडेचं मला नीट दिसलं नव्हतं. उजव्या टोकाला, दाराच्या चौकटीशी, मोहरीएवढा एक चेहरा होता. निगेटिव्हमध्ये गोरं काळं दिसतं आणि काळं गोरं, तरी तो चेहरा ओळखायला मला भिंगही लागलं नसतं.

आता सगळी निगेटिव्ह छापायची होती, एकही मिलिमीटर न सोडता. २:३ चं चित्र ८ × १० च्या कागदावर बसवायचं सगळ्यात सरळ माप म्हणजे ६ × ९ इंच. वरखाली एक-एक इंच कड आणि डावीउजवीकडे अर्धा-अर्धा इंच. दोन पट्ट्यांच्या ईझलवर करून बघितलं. चित्र डाव्या कोपऱ्याला चिकटलं आणि उजवीकडे, खाली पांढरा कागद वाया गेल्यासारखा उरला. मास्तरांना दाखवलं. म्हणालो, "कापून नीट करतो." ते म्हणाले, "तम्मा, पहिल्यांदा पट्टीनं कापलास. आता कात्रीनं कापणार?" आणि खरंच, कापून तो कागद लहान झाला असता आणि भिंतीवरच्या ८ × १० च्या फ्रेमेत बसला नसता. मला तर बाराही घरांतल्या फ्रेमांमधला फोटो बदलायचा होता.

यासाठी हवी चार पट्ट्यांची ईझल. हिच्यात चारी पट्ट्या स्वतंत्र सरकतात. कागद आपल्या जागी पक्का राहतो आणि त्याच्यावर चित्र कुठंही, कितीही कड सोडून बसवता येतं. परदेशी बनावटीची चांगली ईझल जड असते, पट्ट्या जाडजूड असतात आणि किंमत माझ्या पगाराच्या आवाक्याबाहेरची होती. पण आमच्या गावात एक गोष्ट आहे. इथं ओतकामाचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत. उद्यमबागेत फिरलं की लेथचा आवाज कानात बसतो. मास्तरांकडच्या एका जुन्या इंग्रजी मासिकातल्या जाहिरातीचं चित्र घेऊन मी तिथल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात कच्चा होता, पण ते त्या दिवशी आम्ही दोघांनीही काढलं नाही.

मिस्त्रींनी जाड प्लायवूडचा तळ घेतला. त्याला बिजागरीवर उघडणारी लोखंडी चौकट लावली. चौकटीच्या चारी अंगांना खाचा पाडल्या आणि खाचांतून सरकणाऱ्या चार पोलादी पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पंखाचा नट. तळावर कागद अडवायला दोन बाजूंना बारीक पितळी पट्ट्या ठोकल्या. तीन रविवार गेले. पट्ट्या चकचकीत होत्या, त्यांची मिस्त्रींना मोठी ऐट. मी त्यांना फळ्याचा काळा रंग लावला तेव्हा ते हळहळले. पण चकचकीत पट्टीवरून उजेड उडून कागदाच्या कडेला करड्या रेघा उमटतात. तळाला मी पिवळा रंग दिला. पातळ कागदातून आरपार गेलेला उजेड पांढऱ्या तळावरून परत फिरतो आणि चित्राला मागून डागाळतो. साध्या ब्रोमाइड कागदाला पिवळा उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून पिवळा. तळाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवले, म्हणजे धक्का लागला तरी ईझल फळीवरून घसरत नाही.

मग तपासणी. ईझल नवी असो की जुनी, ही तपासणी करावीच आणि तिला खर्च एका कागदाचा. निगेटिव्ह न घालता, पट्ट्या हव्या त्या मापावर लावून, कागदावर भरपूर उजेड टाकायचा आणि तो धुवायचा. मधे काळाकुट्ट चौकोन येतो, भोवती पांढरी कड. त्या काळ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण पट्टीनं मोजायचे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असले की तो आयत, हे मी दर वर्षी आठवी-नववीच्या मुलांकडून घोकून घेत होतो. त्याचा मला स्वतःला उपयोग झाला तो त्या रात्री पहिल्यांदा. ६ × ९ च्या आयताचा कर्ण पावणेअकरा इंचांपेक्षा किंचित जास्त भरतो. माझ्या चौकोनाचा एक कर्ण तेवढा होता, दुसरा त्याहून पाव इंचानं कमी.

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, कागदाला येवढं काय कळतंय हो?" मी म्हणालो, "कागदाला नाही कळत, भिंतीवर लावल्यावर डोळ्याला कळतं." त्यांनी मान हलवली, गुण्या लावून बघितला, एक खाच कानशीनं घासली, एका नटाखाली वायसर घातला. पुन्हा कागद, पुन्हा कर्ण. चौथ्या कागदाला दोन्ही सारखे आले. तो काळा चौकोन मिस्त्रींनी मागून घेतला आणि कारखान्यात खिळ्याला टांगून ठेवला. गिऱ्हाइकाला सांगत, "ह्याला काटकोन म्हणत्यात."

एवढ्यानं भागत नाही. ईझल सरळ असून एन्लार्जर वाकडा असला तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. निगेटिव्ह, लेन्स आणि कागद, तिन्ही एकमेकांना समांतर हवीत. पाणसळ घेऊन मी तिन्ही ठिकाणी ठेवून बघितली. हौदावरची फळीच एका अंगाला कललेली निघाली. इतकी वर्षं मी लेन्सला दोष देत होतो. फळीखाली लाकडी पाचर घातली आणि एन्लार्जरचा खांब वरच्या टोकाला भिंतीशी बांधून टाकला, कारण डोकं उंच नेलं की तो डुलायचा. फोकस करायला जुन्या फोटोची पाठ ईझलमध्ये घालायची, लेन्स पूर्ण उघडायची, चारी कोपरे बघायचे आणि मग एफ ८ वर आणायची. शिवाय चित्र लहान केलं की दिवा खाली येतो आणि उजेड वाढतो. जुन्या बारा कॉप्यांना पंधरा सेकंद लागले होते, आता दहा पुरेसे होते. तेही शेजारच्यांचा पंप सुरू नसला तर. तो सुरू झाला की आमचा दिवा मंदावायचा.

१९८८ च्या जानेवारीतली रात्र. बेळगावची थंडी, डेव्हलपर कोमट ठेवायला ट्रेखाली गरम पाण्याची परात. कागद ट्रेमध्ये सोडला. तांबड्या उजेडात आधी काकांचं काळं जाकीट आलं, मग नवरदेवाची टोपी, मग चेहरे. उजवीकडून दार आलं आणि दाराशी आत्या. डोक्यावरून पदर, पाठ सरळ. तिनं दोन्ही हातांनी पोटाशी काहीतरी धरलं होतं. मी वाकून बघितलं. माझ्या कॅमेऱ्याचं कातडी कव्हर होतं ते.

तेव्हा आठवलं. सगळे उभे राहिल्यावर कव्हर कुठं ठेवावं सुचेना, म्हणून मीच तिच्या हातात दिलं होतं. "आत्या, हे जरा धर." ते धरून ती कडेला सरकली होती, मला फोटो काढायला सोयीचं व्हावं म्हणून.

सकाळी मी फोटो तिच्या हातात दिला. काही बोललो नाही. बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. ती चष्मा लावून दाराच्या उजेडात गेली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, स्वतःला बघते आहे. मग म्हणाली, "दार पण आलं की रे. आपलं माजघराचं दार. त्याला तेव्हा निळा रंग होता, नाही का?" फोटो काळापांढरा होता, पण तिला निळा दिसत होता. थोड्या वेळानं म्हणाली, "कव्हर पडलं नव्हतं हं माझ्या हातातनं."

त्या आठवड्यात मी बाकीच्या अकरा कॉप्या काढल्या. हुबळी, कोल्हापूर, सांगली, पणजी, जिथं जिथं जुना फोटो गेला होता तिथं पोस्टानं नवा पाठवला आणि लिहिलं, आधीच्या फोटोत चूक होती, हा लावावा. काकांनी कार्ड पाठवलं, "फोटो लहान झाला, पण कड शोभते." सगळ्यांनी लावला की नाही, ठाऊक नाही. आमच्या भिंतीवरचा मी स्वतः बदलला.

आत्या १९९६ साली गेली. फॉर्मवरच्या फोटोची कॉपी मास्तरांकडे होती, तिचा चेहरा मोठा करून लावावा असं भाऊ म्हणाला. मी नको म्हटलं. जो आहे तो असू दे, तिच्या माणसांत ती उभी आहे. पुढं मास्तरही गेले. ब्रोमाइडचा कागद मिळणं हळूहळू बंद झालं, उटीचा कारखानाही बंद पडला. २०१४ साली सरकारदरबारी गावाचं नाव बेळगावी झालं. न्हाणीत गीझर आला आणि बंब फुलझाडाची कुंडी होऊन अंगणात गेला. ईझल मात्र माळ्यावर आहे. पंखाचे नट गंजले आहेत आणि पट्ट्या ६ × ९ वरच अडकून बसल्या आहेत. तेल घालून सोडवता येतील. मी घातलेलं नाही.

गेल्या दिवाळीत नात आली होती. तिच्या मोबाइलवर फराळाच्या वेळचा सगळ्यांचा फोटो होता. बोटांनी कड आत ओढून तिनं तो झटकन चौकोनी केला. कडेला कोण होतं, मी विचारलं. तिनं कड परत मागं ओढली. ताट घेऊन तिची आई येत होती. नात म्हणाली, "आजोबा, काही जात नाही हो ह्यात, परत आणता येतं." खरं आहे. निगेटिव्हमध्येही काही गेलं नव्हतं. चार वर्षं तिथंच होतं. परत बघायला हवं होतं, एवढंच.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या डब्यांतून पडून असतील. दिवाळीच्या आवराआवरीत त्या टाकू नका. एखाद्या दिवशी दिव्यापुढं धरा आणि भिंतीवरच्या फोटोशी ताडून बघा. मधलं सगळं सारखंच असेल. कडा तेवढ्या नीट बघा.